टाचेखालचा मुरूम

छावणीच्या मैदानावर उन्हाळ्यात गवत उरत नाही.
उरतो तांबूस मुरूम, सुकलेली कुसळं,
आणि खामच्या नाल्यावरून येणारा
साबणाच्या पाण्याचा वास.
सहाला मी पोचते तेव्हा यल्लप्पा धोत्रे आलेला असतो,
टिटवीला शिव्या घालत.

पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, बूट काढा."
मी म्हटलं, खास गोल्फचे आहेत, सहा हजारांचे.
"असू द्या की. पायाला आधी कळू द्या
कशावर उभं ऱ्हायलंय ते."

मी उभी राहिले, खांद्याइतकं अंतर ठेवून,
चित्रात असतात तशी.
बाजारातली म्हैस बघावी तसा तो भोवती फिरला,
माझ्या डाव्या गुडघ्याला काठी टोचून म्हणाला,
"इथं कोनीच न्हाई."

वीस वर्षं त्याने विहिरी फोडल्या,
अंबडकडे, गेवराईकडे, काळ्या पाषाणातल्या.
"हातानं घण मारणाऱ्याचे खांदे
दुपारपर्यंत जातेत.
माझा बाप टाचेनं मारायचा.
घण वर असतानाच टाच खाली गेलेली असायची.
मंग घणाला यावंच लागतं."

त्याच्या डाव्या पायाला अंगठा नाही.
दगड पडला, एवढंच सांगतो.
त्यानंतर घण तिरका यायला लागला.
"तवा कळलं, अंगठा काय करत व्हता."

चौथ्या दिवशी सायकलला बांधून दोन वजनकाटे आणले,
भंगारातले, एकाची काच तडकलेली.
एकेका पायाखाली एकेक.
"हाना आता."
आणि उकिडवा बसून,
मोंढ्यात तुरीचा लिलाव पुकारावा तसा तो ओरडू लागला:
उजवा चाळीस, उजवा पंचेचाळीस, पन्नास,
आता डावा, डावा, अहो डावा,
साठ!
अठ्ठ्याऐंशी!

माझं वजन एकसष्ट.
वरचे सत्तावीस किलो कुणाचे?

एकोणीस वर्षं मी अकरावीला तिसरा नियम शिकवते.
फळ्यावर टेबल, टेबलावर ठोकळा,
ठोकळा टेबलाला दाबतो, टेबल ठोकळ्याला.
एक बाण खाली, एक वर.
वरचा बाण मी नेहमी घाईत काढला,
घंटा होत आलेली असायची.
तो पोटरीतून चढतो, मांडीत थांबत नाही,
कमरेला पीळ देऊन खांद्याकडे निघून जातो,
हे पोरांना सांगायचं राहिलं.
मलाच माहीत नव्हतं.

पलीकडे एक निवृत्त साहेब रोज दोन बादल्या चेंडू मारतात,
सगळे खांद्याने.
यल्लप्पा त्यांना सलाम करतो आणि काही बोलत नाही.
"इचारलं न्हाई त्यांनी," म्हणतो.

आज मी घाई केली नाही.
क्लब मागे नेला, उजव्या मांडीत वजन भरू दिलं,
गोणीत धान्य बसतं तसं,
आणि तो अजून मागेच जात होता
तेव्हा डावी टाच रोवली.
क्षणभर मी दोन दिशांना होते.
मग दाबलं. गुडघा सरळ झाला.
वाळकी शेंग तडकावी तसा आवाज.

चेंडू कुठे गेला म्हणून मान वर केली.
ऊन डोळ्यांत. काही दिसलं नाही.
टिटवी ओरडत उठली, म्हणजे तिच्याच बाजूला.

यल्लप्पा तिकडे बघतच नव्हता.
खाली बसून तो माझ्या पावलांच्या खुणा बघत होता.
डाव्या अंगठ्यापाशी मुरूम जरासा फिरला होता,
वाटीभर जागेत, गोल.
त्याने तिथे बोट ठेवलं.
बराच वेळ ठेवलं.

"आली बगा," म्हणाला,
आणि स्वतःच्या चार बोटांच्या पायाने
सगळं सारखं करून टाकलं.
"पुन्यांदा."